गळ्यातला पट्टा आणि गाईची खुशाली: सेन्सर प्रकल्पाच्या नोंदी

६ जानेवारी

काम सुरू झालं. मुक्त संचार गोठा, चाळीसेक दुभत्या गाई, काही कालवडी आणि वेगळ्या कप्प्यात वासरं. गाईंच्या गळ्यात आणि काहींच्या मागच्या पायाला सेन्सर बांधायचे आणि गाईचं बरं चाललंय की नाही हे त्यावरून ओळखायचं. बैठकीत जनावरांच्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "बरं चाललंय म्हणजे काय?" सकाळ त्यातच गेली, आणि ती तशी जायलाच हवी होती.

ब्रिटनमधल्या ब्रँबेल समितीने १९६५ साली म्हटलं होतं की पाळीव जनावराला निदान उठता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. १९७९ मध्ये तिथेच पाच स्वातंत्र्यांची यादी झाली: भूक-तहानेपासून, अस्वस्थतेपासून, वेदना-इजा-आजारापासून, भीती आणि ताणापासून मुक्ती, आणि आपल्या जातीप्रमाणे वागण्याची मोकळीक. पुढे १९९४ मध्ये मेलर आणि रीड यांनी 'पाच क्षेत्रां'ची मांडणी केली. त्यातली पहिली चार क्षेत्रं शरीराची आणि परिस्थितीची, पाचवं जनावराच्या मनाचं. आधीच्या चारांचा परिणाम अखेर तिथे पोचतो.

आपला सेन्सर यातलं काय पकडू शकतो? त्यातल्या ॲक्सिलरोमीटरला, म्हणजे हालचाल मोजणाऱ्या भागाला, दोनच गोष्टी कळतात: तीन दिशांची हालचाल, आणि पृथ्वीच्या ओढीवरून आपली कुठली बाजू खाली आहे हे. म्हणजे खाणं, रवंथ, बसणं, उभं राहणं, चालणं एवढं त्यातून काढता येईल. भीती थेट येणार नाही. समाधान तर नाहीच. डॉक्टरबाईंचं म्हणणं पहिल्या पानावर लिहून ठेवते: "यंत्र वागणूक मोजेल, कल्याण आपल्याला वाचावं लागेल."

सुरुवातीला तीनच गोष्टी धरायच्या: बसण्याचा वेळ, रवंथ आणि चालणं.

९ जानेवारी

सेन्सर कुठे बांधायचा यावर चर्चा. गळ्यातल्या पट्ट्यातून खाणं आणि रवंथ चांगलं कळतं, बसणं-उठणं तितकं नाही, कारण गाय बसली तरी मान वरच असते. मागच्या पायावरचा सेन्सर बसणं अचूक सांगतो, कारण गाय बसली की पाय आडवा होतो, पण जबड्याची त्याला काहीच खबर नसते. कानातला बिल्ला हलका, मात्र कान माश्या हाकलायलाही हलतो आणि कुंपणात अडकला तर फाटतो. चौथा प्रकार गिळवायच्या गोळीचा. ती पोटाच्या जाळीदार कप्प्यात जाऊन बसते आणि आतलं तापमान देत राहते. त्यात एक गंमतीची सोय आहे: गाय पाणी प्यायली की ते तापमान झपकन खाली येतं, त्यामुळे पाण्याच्या फेऱ्याही मोजता येतात. पण एकदा गिळवलेली गोळी परत काढायची सोय नाही. सध्या ती नको.

गळ्यात सगळ्यांच्या पट्टे, पायाला निवडक गाईंच्या. पट्टा फिरू नये म्हणून खाली वजन लावायचं, म्हणजे सेन्सर मानेच्या एकाच बाजूला राहील. तो फिरला तर दिशेचं सगळं गणित कोलमडतं.

१३ जानेवारी

पट्टे बांधले. आधी शांत गाईंना, मग बाकीच्यांना. काहींनी दिवसभर मान झटकली, पण दुसऱ्या दिवशी बहुतेकींना त्याचा विसर पडला होता.

आज नियम ठरवले. पट्ट्याखाली तळहात सहज सरकला पाहिजे. कुठे अडकून जोराचा हिसका बसला तर पट्टा आपोआप सुटला पाहिजे. दर आठवड्याला प्रत्येक गाईच्या पट्ट्याखाली हात घालून केस गळलेत का, कातडी लाल आहे का हे बघायचं. कालवडींची मान महिन्यागणिक भरते, त्यांचा पट्टा आधी सैल करायचा. पायाच्या पट्ट्याखाली चिखल आणि शेण साचून वाळतं, ते रोज बघायचं. ज्या यंत्राला आपण गाईची काळजी घ्यायला ठेवतोय त्यानेच तिला जखम केली तर त्या आकडेवारीला अर्थ उरत नाही. इथे तडजोड नाही.

विण्याची वेळ ओळखायला शेपटीला लावायचे सेन्सरही मिळतात. घट्ट बांधले तर शेपटीचा रक्तपुरवठा अडतो, सैल बांधले तर गळून पडतात. डॉक्टरबाईंनी नको म्हटलं, विषय संपला.

२१ जानेवारी

रेडिओ आणि बॅटरीचं गणित.

तीन अक्ष, प्रत्येकी दोन बाइट, सेकंदाला २५ नोंदी धरल्या तर एका सेकंदाला १५० बाइट होतात. दिवसाला एका गाईमागे जवळजवळ १३ मेगाबाइट. लांब पल्ल्याच्या कमी ताकदीच्या रेडिओवरून एवढं पाठवणं अशक्य, आणि पाठवायला गेलं तर बॅटरी काही दिवसांत संपेल. म्हणून कच्ची नोंद पट्ट्यातच पचवायची आणि दर काही मिनिटांनी फक्त सार पाठवायचं: एवढी मिनिटं रवंथ, एवढी खाणं, एवढी हालचाल. कच्चा डेटा फक्त मॉडेल, म्हणजे नोंदींवरून वागणूक ओळखणारा संगणकी प्रोग्राम, शिकवण्यापुरता मेमरी कार्डावर घ्यायचा.

ब्लूटूथचा विचार सोडला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि गाईचं शरीर बहुतांशी पाणीच. पट्टा आणि गेटवे (सगळ्या पट्ट्यांचे संदेश घेणारं यंत्र) यांच्यामध्ये दुसरी गाय उभी राहिली की सिग्नल गेला. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओच्या कमी वारंवारतेला हा त्रास कमी होतो.

बॅटरी लिथियम थायोनिल क्लोराइडची. तिच्यातली ऊर्जा पडून राहून फारशी झिजत नाही, वर्षानुवर्षं टिकते. मात्र एकदम मोठा प्रवाह द्यायला ती नाखूष असते, म्हणून रेडिओ बोलतो त्या क्षणासाठी शेजारी कपॅसिटर हवा.

२४ जानेवारी

गेटवे पत्र्याच्या छताखालून काढून उंच खांबावर लावला. नोंदी गळायचं प्रमाण लगेच खाली आलं.

२ फेब्रुवारी

मॉडेलला शिकवण्यासाठी व्हिडिओ बघून खुणा करायचं काम. दोघांनी स्वतंत्रपणे एकच चित्रण बघायचं आणि गाय कुठल्या क्षणी काय करतेय ते लिहायचं. मग दोघांचं किती जुळतं हे मोजायचं, आणि तेही नुसत्या टक्क्यांत नाही. गाय दिवसातला अर्धा वेळ बसलेलीच असते, त्यामुळे डोळे मिटून 'बसली' असं लिहिणाऱ्याचंही बरंच जुळेल. योगायोगाने जुळणारा भाग वजा करणारा कोहेन यांचा 'कॅपा' (kappa) निर्देशांक १९६० पासून त्यासाठीच वापरात आहे.

रवंथ ओळखणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत सुंदर काम. घास पोटातून वर येतो, मग मिनिटाला साधारण साठेक वेळा या लयीत गाय तो चावते, गिळते, काही सेकंद थांबते आणि पुढचा घास वर येतो. पडद्यावर ही लहर इतकी नियमित दिसते की ती डोळ्यांनीच ओळखू येते. खाताना तसं नाही: मान खाली जाते, झटके बसतात, वैरण ओढली जाते, लय तुटत राहते. खांबाला मान घासणं आणि मिठाची वीट चाटणं मात्र फसवं आहे. त्यांना वेगळी खूण दिली, नाहीतर मॉडेल त्यांना खाण्यात ढकलेल.

निरोगी दुभती गाय दिवसाला साधारण सात-आठ तास रवंथ करते आणि दहा ते चौदा तास बसते. हे आकडे आम्हाला माहीत होतेच. तरी एकाच गाईचं अखंड चित्रण बघत राहिल्यावर जाणवतं की हा तिचा रिकामा वेळ नाही. बसून रवंथ करणं हेच तिचं दिवसाचं मोठं काम आहे, आणि ते करायला तिला कोरडी, मऊ, निवांत जागा लागते.

१८ फेब्रुवारी

मॉडेलची चाचणी कशी घ्यायची यावर ठाम राहायचं ठरलं. सगळ्या गाईंच्या नोंदी एकत्र करून त्यातल्या काही शिकवायला आणि काही तपासायला ठेवल्या, तर एकाच गाईचे शेजारशेजारचे क्षण दोन्हीकडे जातात. मॉडेल त्या गाईची ढब पाठ करतं आणि अचूकता फुगलेली दिसते. म्हणून प्रत्येक वेळी एक पूर्ण गाय बाजूला ठेवायची, बाकीच्यांवर शिकवायचं आणि न पाहिलेल्या गाईवर तपासायचं. आकडा खाली येतो, पण नव्या गाईला पट्टा बांधल्यावर मिळणार असतो तो हाच आकडा.

५ मार्च

आजची नोंद मोठी होणार, कारण प्रकल्पाचा कणा आज सापडला असं वाटतंय.

सुरुवातीला सूचना अशा ठरवल्या होत्या: रवंथ कळपाच्या सरासरीपेक्षा फार खाली गेली की घंटी. आज सगळ्या गाईंचे आलेख एकाखाली एक लावले. ११ नंबर रोजच कमी रवंथ करते. तिचं दूध उत्तम, अंगावर तकाकी, खूर ठीक. ती तशीच आहे. सरासरीच्या नियमाने ती रोज आजारी ठरते. उलट २७ नंबरची रवंथ मुळातच भरपूर. ती आजारी पडून बरीच खाली आली तरी कळपाच्या सरासरीपाशीच रेंगाळेल आणि घंटी वाजणारच नाही. एकीला नाहक त्रास, दुसरीकडे दुर्लक्ष, आणि दोन्ही एकाच नियमाने.

गाईची तुलना तिच्याशीच करायला हवी. म्हणून प्रत्येकीची मागच्या आठवडाभराची मध्यक पातळी काढायची, तिची रोजची चढउतार किती असते तेही मोजायचं, आणि आजचा दिवस त्या मापाने बघायचा.

यावर डॉक्टरबाईंनी लगेच बोट ठेवलं. खुराचं दुखणं आठवड्यात येत नाही, ते हळूहळू वाढतं. आज थोडं कमी चालली, उद्या आणखी थोडं. मागच्या आठवड्याशी तुलना केली तर मागचा आठवडाही तितकाच वाईट होता, म्हणून सगळं ठीक दिसेल. पातळी तिच्यासोबत घसरत जाईल आणि वेदना नेहमीची म्हणून नोंदली जाईल.

त्यांचं म्हणणं ऐकून मी बराच वेळ थांबले. वेदना नेहमीची होणं, हेच तर आपल्याला होऊ द्यायचं नाही. म्हणून आता दोन पातळ्या. एक जवळची, अचानक बदल पकडायला. दुसरी लांबची: ही गाय निरोगी असताना, वेताच्या याच टप्प्यावर कशी होती, त्यावरून. व्यायल्यानंतरचे पहिले आठवडे आणि दूध आटवल्यानंतरचा काळ यांची आपसांत तुलना करायची नाही.

आणखी एक गोष्ट आलेखात दिसली. पहिल्या वेताच्या दोन गाई इतरांपेक्षा बऱ्याच कमी बसतात. आजार काही नाही. मोठ्या गाई त्यांना चांगल्या जागेवरून उठवतात. हे सेन्सरने सांगितलं नाही. त्याने फक्त कमी बसण्याचा आकडा दिला. कारण मावशींनी सांगितलं, ज्या रोज पहाटे धार काढायला येतात: "त्या दोघी रात्री दारापाशीच उभ्या असतात, आत कुणी शिरू देत नाही त्यांना." स्वतःच्या पातळीशी तुलना केली असती तर या दोघी कधीच दिसल्या नसत्या, कारण त्यांची पातळीच वंचित होती. त्यांना वेगळा कप्पा करून दिला. बसण्याचा वेळ हळूहळू वाढतोय.

१० मार्च

माजावर आलेल्या गाईची सूचना वेगळी केली. तिचं चालणं दुपटीहून वाढतं आणि त्या दिवशी बसणं आणि रवंथ दोन्ही घटतात. फक्त रवंथ बघितली तर ती आजारी वाटेल. हे तंत्रज्ञान मुळात माज ओळखण्यासाठीच गोठ्यात आलं. पावलं मोजून माज ओळखता येतो हे दाखवणारा किडी यांचा अभ्यास १९७७ चा आहे. आपण त्याच हालचालीकडे दुसऱ्या कारणासाठी बघतोय.

१७ मार्च

सूचनांचा भडिमार. यावर नीट गणित मांडायला हवं.

समजा शंभर गाई आहेत आणि आज त्यातल्या दोन खरोखर आजारी आहेत. यंत्र आजारी गाय ओळखण्यात ९० टक्के बरोबर आणि निरोगी गाय निरोगी म्हणण्यातही ९० टक्के बरोबर. ऐकायला छान. पण निरोगी ९८ गाईंपैकी दहा टक्क्यांवर चुकीची घंटी वाजणार, म्हणजे जवळजवळ दहा. खऱ्या दोन. बारा सूचनांतल्या दहा खोट्या. निरोगी गाय ओळखण्याची अचूकता ९९ टक्के केली तर खोटी सूचना एकच उरते. ज्या गोठ्यात बहुतेक जनावरं बरी असतात तिथे सगळा भार या दुसऱ्या आकड्यावर असतो, आणि यंत्रांच्या जाहिरातीत बहुधा पहिलाच मोठ्या अक्षरात असतो.

मावशींनी हेच त्यांच्या शब्दांत सांगितलं. "ताई, रोज एवढ्या गाई बघायला लावाल तर मी एकही धड बघणार नाही." त्यांचा तक्रारीचा सूर नव्हता. त्या वस्तुस्थिती सांगत होत्या, आणि ती आमच्या कुठल्याही मॉडेलपेक्षा महत्त्वाची आहे.

ठरलं ते असं. एकाच मापावरून घंटी वाजवायची नाही. रवंथ आणि हालचाल, किंवा बसणं आणि खाणं, अशी दोन मापं एकत्र बिघडली तरच. दिवसाला सकाळी एकच यादी द्यायची, सर्वांत वेगळी वागलेली गाय वर. आणि सूचनेचे शब्द बदलायचे. 'गाय आजारी' असं लिहायचं नाही. 'जाऊन बघा' असं लिहायचं आणि खाली काय बदललं ते: कालपासून रवंथ कमी, बसणं जास्त. निदान गाईपाशी उभ्या असलेल्या माणसाने करायचं.

२६ मार्च

व्यायल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यातली ८ नंबर यादीत सर्वांत वर आली. रवंथ दोन दिवसांत बरीच खाली, खाणं कमी. बाहेरून बघून काही कळत नव्हतं. मावशींनाही तीच शंका आदल्या संध्याकाळी आली होती, कारण खुराक तिने चाटूनपुसून संपवला नव्हता. डॉक्टरबाईंनी रक्ताचा थेंब घेऊन कीटोन, म्हणजे चरबी जळताना रक्तात वाढणारे पदार्थ, तपासले. लिटरला १.२ मिलिमोलची मर्यादा ओलांडलेली होती, सुप्त कीटोसिस. तोंडावाटे प्रोपिलीन ग्लायकॉल सुरू केलं.

व्यायल्यावर दुधाची गरज एकदम वाढते आणि भूक तितक्या वेगाने वाढत नाही. मग गाय अंगावरची चरबी जाळते, कीटोन वाढतात, त्यामुळे भूक आणखी मरते. हे चक्र लवकर तोडलं तर गाय सावरते. रवंथ कमी होणं ही त्याची खूप आधी दिसणारी खूण. या एका नोंदीने मला फार बरं वाटलं.

३० मार्च

८ नंबरची रवंथ पुन्हा तिच्या पातळीवर.

८ एप्रिल

उकाडा वाढला आणि यादी एकाएकी लांबलचक झाली. जवळजवळ सगळ्या गाई कमी बसतायत. पडद्यावर बघणाऱ्याला वाटेल साथ आली.

गाई तापल्या होत्या. उकाड्यात गाय उभी राहते, कारण उभ्याने अंगाचा जास्त भाग वाऱ्याला लागतो. तापमान आणि आर्द्रता एकत्र करून एक निर्देशांक काढतात, टीएचआय. ३२ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेला तो जवळजवळ ८३ येतो. आधी ७२ ही धोक्याची सुरुवात मानायचे, पुढे जास्त दूध देणाऱ्या गाईंसाठी ती ६८ वर आणली गेली. २४ अंश आणि तेवढ्याच आर्द्रतेला निर्देशांक ७१ येतो. आपल्याला जी हवा सुखद वाटते तिच्यातच दुभत्या गाईचं शरीर झगडायला लागलेलं असतं, कारण तिच्या पोटातला आंबवण्याचा उद्योग आणि दूध बनवणं या दोन्हींची उष्णता तिला बाहेर टाकायची असते.

म्हणून सूचनांचा तिसरा थर केला. निम्म्याहून जास्त गाई एकाच दिशेने बदलल्या तर एकेकीच्या नावाने घंटी वाजवायची नाही. गोठ्याच्या नावाने एकच सूचना द्यायची: हवा बघा, पाणी बघा, सावली बघा. दोष गाईत नाही, जागेत आहे. ही सूचना मावशींना जाऊन उपयोग नाही. पंखे लावायचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे ती गेली पाहिजे.

पंखे आणि पाण्याचे फवारे लागले, पाण्याची आणखी एक टाकी ठेवली. रात्रीचे आकडे मुद्दाम वेगळे बघतोय. रात्री गोठा थंड झाला तर गाय दिवसाचं बसणं थोडंफार भरून काढते. रात्रही तापलेली राहिली तर ते होत नाही आणि त्रास दिवसागणिक साचतो.

२१ एप्रिल

लांबच्या पातळीने पहिली लंगडी गाय पकडली, १९ नंबर. जवळच्या पातळीवर सगळं ठीक होतं. वेताच्या याच टप्प्यातल्या, ती निरोगी असतानाच्या जानेवारीतल्या दिवसांशी ताडून बघितलं तर ती आता खूप जास्त वेळ बसते आणि दिवसातून कमी वेळा उठते. उठणं दुखतं, म्हणून एकदा बसली की बसूनच राहते. जास्त बसणं म्हणजे जास्त आराम असं इथे समजता येत नाही. एकूण तासांसोबत किती वेळा उठबस झाली हेही बघावं लागतं.

डॉक्टरबाईंनी तिला सपाट जागेवर चालवून बघितलं. चाल एक ते पाच या मापात बघतात: एक म्हणजे उभी असताना आणि चालताना पाठ सरळ, पाच म्हणजे पायावर भारच देत नाही. हिची उभ्यानेही पाठ कमानदार, पावलं आखूड, तीन नंबर. मागच्या पायाच्या बाहेरच्या खुरीला तळव्याचं व्रण निघालं. खूर छाटून दाब काढला, आतल्या निरोगी खुरीला ठोकळा चिकटवला, वेदनाशामक दिलं. ठोकळ्यावर भार गेला तशी ती पहिल्यांदा चारही पायांवर नीट उभी राहिली.

जनावर वेदना लपवतं. शिकारी प्राण्याच्या तोंडी पडू नये म्हणून लाखो वर्षांत घडलेली ती सवय आहे, आणि माणूस जवळ गेला की ती आणखी घट्ट होते. म्हणून कुणी बघत नसतानाच्या हालचालीला किंमत आहे. सेन्सरच्या बाजूने माझं सगळ्यांत मोठं म्हणणं हेच आहे.

३ मे

इतर जनावरांसाठी हेच वापरता येईल का, अशी विचारणा झाली. शेळ्या-मेंढ्यांना हलके पट्टे चालतात. डुकरं एकमेकांचे बिल्ले चावून तोडतात. कोंबडीच्या अंगावर वजन फार पटकन जाणवतं आणि हजारो कोंबड्यांना एकेक यंत्र बांधणं शक्य नाही, म्हणून तिथे कॅमेरा आणि आवाज ऐकणारा माइक जास्त उपयोगी. अंगावर बांधायचा सेन्सर ज्या जनावराला सुखाने झेपतो त्यालाच बांधावा.

१४ मे

वासरांच्या पायाला हलके सेन्सर लावले होते त्याचा डेटा बघितला आणि मन हरखून गेलं.

वासरू खेळतं तेव्हा ते चौखूर उधळतं, मागचे पाय हवेत झाडतं, जागच्या जागी उड्या मारतं. चालण्याच्या आलेखात हे झटके स्पष्ट वेगळे दिसतात. दुखत असलं किंवा भूक भागली नसली की वासराचं खेळणं घटतं. शिंगांचे कोंभ जाळल्यानंतरही ते घटतं, हे अभ्यासांनी दाखवलंय. म्हणजे खेळणं ही फक्त गोड गोष्ट नाही, वासराला बरं वाटतंय याची ती खूण आहे. आतापर्यंत आपण दुःख मोजत आलो. इथे पहिल्यांदा सुखाच्या जवळ जाणारं काही हाती लागलं.

मर्यादाही लिहून ठेवते. वासराला कुणी पाठीमागे लागून पळवलं तरी आलेखात उधळणंच दिसतं. आनंदाची धाव आणि भीतीची धाव यांत ॲक्सिलरोमीटरला फरक कळत नाही. वेळ, जागा, आजूबाजूला कोण होतं, हे जोडावं लागतं. मोकळ्या कप्प्यात ताजं अंथरूण टाकल्यावर लगेच आलेलं उधळणं आणि वाहनात चढवताना आलेलं उधळणं एकाच खान्यात टाकायचं नाही.

डॉक्टरबाईंनी या डेटाचा उपयोग लगेच केला. कोंभ काढताना जागा बधिर करायची आणि नंतरचे दिवस वेदनाशामक द्यायचं हे त्यांचं आधीपासूनचं म्हणणं होतं. आता खेळणं पूर्वपदावर येईपर्यंत वासरावर लक्ष ठेवायचं, हेही ठरलं.

२६ मे

नव्या मापाची भर: सूचना गेल्यापासून गाईला माणसाचा हात लागेपर्यंत किती वेळ गेला. हे गाईचं माप नाही, आपलं आहे. मॉडेल कितीही सुधारलं आणि हा वेळ तसाच राहिला, तर गाईच्या दृष्टीने काही बदललं नाही.

यावर बैठकीत थोडी वादावादी झाली. सेन्सर आहेत तर माणसं कमी करता येतील, असं एक मत आलं. मी विरोध नोंदवला. पहिल्या वेताच्या त्या दोघींचं कारण मावशींनी सांगितलं होतं. ८ नंबरची शंका त्यांना यादीच्या आधी आली होती. पट्टा रात्रभर जागा असतो, माणूस नसतो, म्हणून तो हवा. पण पट्टा खुराला हात लावू शकत नाही. दुसरी मागणी अशी होती की सूचनांवरून कुठल्या कामगाराने किती लवकर बघितलं याची तपासणी करावी. तेही नको. यादीकडे माणसं आपल्यावरचा पहारा म्हणून बघायला लागली की ती खरं लिहिणं थांबवतात. वेळ गोठ्याचा मोजायचा, व्यक्तीचा नाही. अखेर हे मान्य झालं.

९ जून

पट्ट्यांची तपासणी. तीन कालवडींचे पट्टे सैल केले. ३१ नंबरच्या मानेवर केस विरळ झालेले दिसले, तिचा पट्टा काढला. कातडी पूर्ण बरी होईपर्यंत तिच्या नोंदी बंद राहतील. तोवर मावशी तिला दोन वेळा डोळ्यांनी बघतील आणि वहीत लिहितील. यादीत तिच्या नावापुढे 'पट्टा नाही, बघून या' असं आपोआप येईल अशी सोय केली.

आटवलेल्या गाईंची लांबची पातळी बनवायचं काम पुढच्या आठवड्यात. त्यातल्या पहिल्या दोघी विण्याच्या आत ती तयार हवी.